सतराशे बाराचा दगड

१

सोमवारी सकाळी साडेसातला किल्लीकाकूंनी चर्चचं बाहेरचं फाटक उघडलं, सवयीने उजव्या खांबाला हात लावला आणि हात तसाच ठेवून त्या ओरडल्या, "फादर, आपलं साल गेलं!"

फादर दाढीला अर्धा साबण लावलेल्या अवस्थेतच धावत आले. खांबात छातीएवढ्या उंचीवर एक दगड होता, दोन फुटांहून थोडा कमी लांब, आणि त्यावर फक्त चार आकडे कोरलेले होते : १७१२. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात लावून लावून त्यातला सात गुळगुळीत झाला होता. आता त्या जागी साधा, कोरा, बोलायला तोंड नसलेला दगड बसलेला होता. फादरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. चष्म्याचा काही दोष नव्हता.

चोरी कुठल्याही दिवशी वाईटच, पण ही अगदी वेळ साधून झाली होती. चर्चभोवतीची ती काळी भिंत आणि तिची दोन फाटकं पाडून रस्ता रुंद करायचं ठरलं होतं. दोनशे वर्षांहून जुन्या बांधकामाला हात लावायचा नाही असा नियम होता, आणि भिंत तेवढी जुनी आहे का हे ठरवायला गुरुवारी अकरा वाजता सरकारी तज्ज्ञ येणार होते. चर्चचे जुने कागद कधीच्या एका आगीत गेले होते. पुरावा म्हणून उरला होता तो एकच, खांबातला.

"पोलिसांना सांगायचं का?" किल्लीकाकूंनी विचारलं.

"सांगू. पण आधी समोरच्या मोजणीबाईंना बोलवा," फादर म्हणाले आणि उरलेली अर्धी दाढी करायला आत गेले.

२

मोजणीबाई चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत होत्या. निवृत्त झाल्या तरी पर्समधली मोजपट्टी काही निवृत्त झाली नव्हती. दिसेल ते मोजायचं आणि वहीत लिहून ठेवायचं, हा त्यांचा छंद. लोक हसायचे, पण कपाट जिन्यातून जाईल का हे विचारायला त्यांच्याच दारात यायचे. लग्न केलं नव्हतं. बहिणीचा मुलगा त्यांच्याकडे राहायचा. तो रस्ते खात्यात इंजिनियर होता आणि ही भिंत पाडायचं काम नेमकं त्याच्याच टेबलावर होतं. त्यामुळे महिनाभर दोघं जेवताना फक्त हवापाण्याबद्दल बोलत होती.

बाईंनी कोऱ्या दगडाला पट्टी लावली. लांबी तेवीस इंच. डाव्या टोकाला उंची साडेसात, उजव्या टोकाला आठ. वरचा सांधा उजवीकडे सुतासारखा बारीक होता आणि डावीकडे चांगला बोटभर जाड. सांध्यांवर कोणीतरी धूळ चोळून ते जुने दाखवायचा प्रयत्न केला होता. बाईंनी केसातल्या पिनेने सांधा हळूच खरवडला. पांढरं, मऊ, अजून ओलसर पीठ निघालं. सिमेंट नव्हे, चुना.

"चोराने दगड काढला तो काढला, वर भोक बुजवून गेला," किल्लीकाकू म्हणाल्या. "इतका नीटनेटका चोर आमच्या खानदानात जावई म्हणूनसुद्धा आला नाही."

"दगड हवा कोणाला होता?" बाईंनी विचारलं.

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दोघांना. भंगारशेठनी गेल्याच महिन्यात फादरांकडे तो मागितला होता. आणि दुसरा... राहू दे. तुम्हाला राग येईल."

"माझा भाचा. सांगा की सरळ."

काकूंनी सरळ काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त झाडू उचलला.

३

भंगारशेठ हे नाव खुद्द शेठना अजिबात आवडायचं नाही. दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'पुराणवस्तू' लिहिलेलं होतं. आत घड्याळं, पितळी कड्या, पाय मोडलेल्या खुर्च्या आणि त्या सगळ्यांच्या मधोमध शेठ बसलेले.

"मागितला होता. नाही कशाला म्हणू?" शेठ म्हणाले. "भिंत जाणारच आहे, निदान दगड तरी वाचेल असं वाटलं. पण मला सांगा बाई, मी चोरला असता तर तिथे दुसरा दगड बसवत बसलो असतो का? मी उचलून पळालो असतो. या वयात पळणं जमलं असतं तर!"

"चुना येतो तुम्हाला मळायला?"

"मला चहा करता येत नाही. बायकोला विचारा."

शेठची बायको मागच्या खोलीतून म्हणाली, "खरंय ते."

बाईंनी शेठच्या टेबलाची लांबी डोळ्यांनीच मोजली आणि निघाल्या.

भाचा रात्रीच्या जेवणालाच सापडला. त्याने पोळीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. "मावशी, गावभर लोक माझ्याकडे पाहतायत. तुलाही तसंच वाटतं का?"

"मला वाटत काही नाही. मी विचारते. आज पहाटे कुठे होतास?"

"झोपलो होतो. घोरतो म्हणून तूच दार आपटलंस." तो उसळून बोलला. मग थोडा थंड झाला. "आणि हे बघ, दगडाची चोरी झाली म्हणून तक्रार गेली तर फाइल सहा महिने हलायची नाही. वरून माझ्या डोक्यावर बसतील. तो दगड खांबात राहिला असता आणि साहेबांनी गुरुवारी काय ते ठरवलं असतं, तर मी एकदाचा सुटलो असतो. भिंत पाडायला मला काही हौस नाही. लहानपणी मी त्याच भिंतीवर बसून शाळा बुडवायचो."

"ते मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. पोळी खा."

बाईंना हायसं वाटलं. पहाटेचं घोरणं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, त्यामुळे तो सुटलाच होता. पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. भांडी आवरून त्यांनी जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला. बारा वर्षांपूर्वी एका रविवारी, फादरांची वाट पाहता पाहता, त्यांनी ते फाटकही मोजलं होतं. पान सापडलं. १७१२ चा दगड : लांबी तेवीस. डावी उंची आठ. उजवी साडेसात.

बाईंनी सकाळचं पान शेजारी ठेवलं. आकडे तेच होते. फक्त डाव्याचे उजवे झाले होते.

४

दगड चोरीला गेलाच नव्हता. कोणीतरी तो बाहेर ओढून, उलटा फिरवून, तोंड भिंतीत करून परत बसवला होता. डावं टोक उजवीकडे आलं, म्हणून तर वरचा सांधा एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला जाड झाला होता.

हे कळल्यावर बाईंना आनंद झाला नाही. उलट डोकं जास्तच भणभणलं. विकायचा तर तो नेतात, नष्ट करायचा तर फोडतात. दगड नुसता भिंतीकडे तोंड करून उभा करायचा, वर्गातल्या खोडकर मुलासारखा, हे कोणाच्या डोक्यात आलं? आणि का? बाईंनी फादरांनाही काही सांगितलं नाही. कारण कळल्याशिवाय दगड फिरवला तर कारण कायमचं निसटेल, असं त्यांना वाटलं.

मंगळवारी त्या मिस्त्रींकडे गेल्या. गावात चुन्याचं काम करणारे ते शेवटचे गवंडी. गुडघे गेल्यामुळे पाच वर्षांपूर्वी त्यांनी काम सोडलं होतं. आता सुनेच्या अंगणात फुलझाडांच्या कुंड्या रांगेत लावायचे, आणि ती रांग दोरी लावल्यासारखी सरळ असायची.

"आता गावात चुना कोण भिजवतं, मिस्त्री?"

"कोणी नाही. सगळ्यांना घाई. चुन्याला घाई चालत नाही." त्यांनी एक कुंडी अर्धा इंच सरकवली. "तुम्ही त्या दगडाच्या मागे लागलाय म्हणे."

"हो. गेला तो. तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटतं तर." मिस्त्रींनी पुढची कुंडी हातात घेतली. मग न राहवून विचारलं, "सांध्यांना चिरा नाही ना पडल्या? काल ऊन फार होतं."

"नाही पडल्या," बाई म्हणाल्या.

"मग बरं."

त्या फाटकाशी परत आल्या तेव्हा किल्लीकाकू खांबाखालचा चिखल झाडूने ढकलत होत्या आणि तोंडाचा पट्टाही चालू होता. "पाऊस नाही, नळ नाही, आणि सकाळी बघावं तर इथे चिखल! माझं झाडणं वाया घालवायचा कोणीतरी विडा उचललाय."

बाईंनी खांबाला हात लावला. उन्हात सगळी भिंत तापली होती. कोऱ्या दगडाभोवतीचा चुना मात्र गार आणि ओला होता. चोर परत येऊन चोरीच्या जागेला पाणी घालत होता.

५

बुधवारी उजाडता उजाडता बाई फाटकाच्या आत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. फार थांबावं लागलं नाही. बाहेरून काठीचा आवाज आला, मग बादलीची कडी वाजली, आणि कुंचल्याने पाणी शिंपडल्याचा बारीक आवाज सुरू झाला.

"चुना नवा आहे हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, मिस्त्री," बाई आतूनच म्हणाल्या. "दगड गेला एवढंच बोलले होते."

कुंचला थांबला. मग पुन्हा चालू झाला. "हात आवरला नाही, तशी जीभही आवरली नाही," मिस्त्री म्हणाले. "चुन्याला आठवडाभर ओल दिली नाही तर तो तडकतो. माझ्या हातचा सांधा तडकलेला मला बघवणार नाही, मग पकडला गेलो तरी चालेल."

बाई बाहेर आल्या. मिस्त्री पालथ्या बादलीवर बसले. त्यांना इतक्या वर्षांनी कोणीतरी विचारतंय याचाच जणू आधार वाटला, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

तो दगड जुना नव्हताच. तो त्यांनी स्वतः घडवला होता, चाळीस वर्षांपूर्वी. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, उस्तादाच्या हाताखाली शिकत होते. खांबाची दुरुस्ती चालू होती. मूळ दगड सैल करताना त्यांनी पहार जरा जोरात मारली आणि दगडाचे दोन तुकडे झाले. उस्ताद रागावला नाही. "नवा घडव, हुबेहूब," एवढंच म्हणाला. तुकडे कुठे टाकले ते त्यांनी विचारलं नाही, आणि विचारायची हिंमतही नव्हती. नवा दगड बसला, कोणाला काही कळलं नाही. पण त्यानंतर त्यांनी आयुष्यभर एकही अक्षर कोरलं नाही. साधे दगड घडवले, भिंती बांधल्या, छिन्नीला अक्षर मात्र लावलं नाही.

"तज्ज्ञ साहेब माझ्या छिन्नीची खूण बघताक्षणी ओळखतील," ते म्हणाले. "म्हणतील, साल खोटं, म्हणजे भिंतही खोटी. फादर खोटे ठरतील. त्यापेक्षा दगड नसलेला बरा, असा विचार केला. फोडायला हात होईना, म्हणून फिरवला. समोर लाकडाची उंच घोडी लावून दगड तिच्यावर ओढला की उचलावा लागत नाही, फिरवून परत ढकलायचा. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, पण जमलं."

बाईंना त्यांचा रागही आला आणि कीवही आली. साठीच्या माणसाने पहाटे एकट्याने दगड ओढावा, तोही आपलीच लाज झाकायला! बोलायचं सुचलं नाही की त्या आकडे विचारायच्या.

"तुमच्या दगडाची खोली किती?"

"सहा इंच. शेजारचे सगळे नऊ-दहा आहेत. उस्तादच म्हणाला, सहाच घे."

"मग मागे काय होतं? सोमवारी बघितलंत ना?"

"चुना होता. सपाट, गुळगुळीत, घोटलेला..."

मिस्त्रींचा हात हवेतच राहिला.

"तुम्ही दगडाच्या मागचा चुना घोटता?" बाईंनी विचारलं.

"कधीच नाही," मिस्त्री अगदी हळू म्हणाले. "खरबरीतच ठेवायचा असतो. नाहीतर तो दगडाला धरत नाही. जे कोणाला दिसायचं नाही ते कोण घोटत बसेल? मागे काहीतरी जपायचं असेल तरच..."

६

"आत्ताच उघडू," असं बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी मिस्त्रींना दोन गोष्टी समोरासमोर सांगितल्या. आपण गुपचूप उघडलं आणि काही सापडलं, तर ते आपणच आत ठेवलं असं कोणीही म्हणेल. तेव्हा उघडायचं ते साहेबांसमोर, आणि त्याआधी दगड कोणी घडवला हे मिस्त्रींनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. "आणि मी चुकले असेन, आत नुसता चुनाच निघाला, तर भिंत जाईल. तुमचं नावही जाईल. ठरवा तुम्ही."

मिस्त्रींनी बादलीतलं उरलेलं पाणी सांध्यांवर मारलं. "चाळीस वर्षं मी ठरवायचं टाळलंय," ते म्हणाले. "उद्या अकराला येतो."

त्या दुपारी बाईंनी फादरांनाही सगळं सांगितलं. फादरांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "खऱ्यापायी भिंत पडली तर पडू दे. खोट्यावर उभी नको." पण त्यांचा चहा तसाच गार झाला.

गुरुवारी तज्ज्ञ साहेब वेळेवर आले. शिडशिडीत, कमी बोलणारे गृहस्थ, खिशात भिंग. गल्लीत बघ्यांची गर्दी झाली होती. भंगारशेठ दुकान उघडं टाकून आले होते. भाचा फाइल काखेत धरून उभा होता. मिस्त्री धुतलेला सदरा घालून पुढे आले. फाटकाकडे तोंड करून नव्हे, लोकांकडे तोंड करून ते बोलले. दगड मी घडवला. मूळ माझ्या हातून फुटला. सोमवारी तो फिरवलाही मीच. एकही शब्द त्यांनी गिळला नाही.

गर्दीत एकदम कुजबुज झाली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. "म्हणजे या सालाला पुरावा म्हणून काही अर्थ नाही," ते कोरडेपणाने म्हणाले.

"या दगडावरच्या सालाला नाही," मोजणीबाई म्हणाल्या. "आता त्याच्या मागे बघा." आणि त्यांनी सहा इंच, नऊ इंच आणि घोटलेला चुना, तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली.

ओला चुना सहज सुटला. घोडी लावायला भाचा स्वतः पुढे झाला. दगड बाहेर आला, आणि मागे खरोखरच आरशासारखी सपाट पांढरी पाटी होती. साहेबांनी लाकडी पट्टीने तिचा पापुद्रा काढायला सुरुवात केली. बोटाएवढा तुकडा पडला. मग तळहाताएवढा. किल्लीकाकू श्वास घ्यायच्या विसरल्या असाव्यात, कारण त्या चक्क गप्प होत्या.

चुन्याखालून एक सात दिसला. मग त्याच्या आधीचा एक. दुसऱ्या तुकड्यावर पुढचे दोन आकडे. उस्तादाने खांबाच्या आतली थोडी भर काढून दोन्ही तुकडे शेजारी शेजारी उभे केले होते, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि आकड्यांना धक्का लागू नये म्हणून वरून पातळ चुना घोटला होता.

साहेबांनी भिंग लावलं. कोरलेल्या खाचा पाहिल्या, खाचांतली काजळी पाहिली, कडेचा जुना चुना चिमटीत चुरगळला. गल्लीत कोणी हलेना.

"ही छिन्नी आता कोणी वापरत नाही, दोनशे वर्षांत वापरलेली नाही," शेवटी ते म्हणाले. "आणि हा कडेचा चुना भिंतीतल्या चुन्याशी एकच आहे. दगड इथलाच, भिंतीबरोबरचा." त्यांनी भाच्याकडे पाहिलं. "तुमचा रस्ता वळवावा लागेल."

"वळवतो," भाचा म्हणाला. इतक्या आनंदाने कोणी काम वाढवून घेतलेलं त्या कचेरीत कधी ऐकिवात नव्हतं.

गर्दीत टाळ्या झाल्या, फादरांना हुंदका आला, भंगारशेठनी ओळख नसलेल्या माणसाला मिठी मारली. साहेबांनी मिस्त्रींचा दगड उलटवून पाहिला आणि म्हणाले, "सात मात्र तुमचा जास्त चांगला आहे." मिस्त्रींचं लक्षच नव्हतं. ते एक तुकडा मांडीवर घेऊन बसले होते आणि पुढची बाजू सोडून त्याची फुटलेली कड निरखत होते.

मोजणीबाई त्यांच्याशेजारी वाकल्या. "काय झालं?"

"हे बघा." मिस्त्रींनी कडेवरून अंगठा फिरवला. ती कड जवळजवळ सगळी काळी होती, धुळीने आणि पावसाच्या पाण्याने आतपर्यंत काळी पडलेली. फक्त खालच्या टोकाला बोटभर रुंदीचा पट्टा स्वच्छ, ताज्या रंगाचा होता. "ही काजळी एका दिवसात नाही बसत. शंभर वर्षं लागतात. दगड आधीच चिरला होता, बाई. एवढ्या एका बोटावर धरून उभा होता. मी पहार मारली नसती तर त्यापुढच्या पावसाळ्यात आपोआप गेला असता."

"म्हणजे तुमच्या उस्तादांना..."

"दिसलं असणार. त्यांना दिसलं नाही असं होणंच शक्य नाही." मिस्त्रींनी डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसले. "ते वारेपर्यंत चार-पाच वेळा मला म्हणाले होते, 'त्या दगडाबद्दल तुला एक सांगायचंय.' मी दर वेळी पाणी आणायच्या निमित्ताने उठून जायचो. वाटायचं, आता बोलणी बसतील. एकदा तरी बसून ऐकायला हवं होतं."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मोजायला काही नव्हतं, आणि त्यांनी पट्टीही काढली नाही.

थोड्या वेळाने फादर आले. मूळ दगड जोडून परत खांबात बसवायचा होता. त्याखाली एक छोटा नवा दगड लावावा आणि त्यावर उस्तादांचं नाव असावं, असं त्यांच्या मनात होतं. "शहरातून कोणी अक्षरं काढणारा बोलवावा लागेल," ते जरा चाचरत म्हणाले.

मिस्त्रींनी मांडीवरचा तुकडा हळूच घोडीवर ठेवला आणि काठी न घेताच उठून उभे राहिले.

"शहरातून कशाला?" ते म्हणाले. "अक्षरं मी काढतो."